पुराची खूण करणारी धुरपता

वाळकी नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पल्याड जायचं तर पावसाळ्यात भोयाच्या नावेतून जायचं आणि उन्हाळ्यात तापलेली वाळू तुडवत जायचं. सातपुड्यातून उतरणारी ही नदी तेव्हाही धावडखेड्याला वळसा घालूनच पुढे जायची. त्या वळणावर, पात्राच्या ऐन कडेला, काळ्या दगडाचं एक टेकाड होतं. त्याला काही नाव नव्हतं. आता लोक त्याला धुरपतेचा दगड म्हणतात. ते नाव कसं पडलं ते सांगतो.

धावडखेड्यात हिरामण नावाचा भोई होता. पावसाळाभर तो नाव चालवायचा. पाणी ओसरलं की नाव काठावर पालथी पडायची आणि उघड्या पडलेल्या वाळूत तो आणि त्याचे भाऊबंद टरबुजांच्या वाड्या लावायचे. वाळूत खड्डे खणायचे, शेणखत भरायचं, बी टोचायचं, की खालच्या ओलीवर वेल उन्हाळाभर पोसायचे. वाळकीचं टरबूज इतकं गोड, की फळ फुटायच्या आधीच मुंग्या येऊन रांगेत थांबायच्या, असं म्हणतात.

या हिरामणला मुलगी झाली. तिचं नाव धुरपता. तिच्या कानाशी थाळी वाजवली तरी ती मान वळवायची नाही. ती ऐकतही नव्हती आणि बोलतही नव्हती. आई लवकर गेली, तेव्हा हिरामणने तिला पाठीशी बांधूनच नाव वल्हवली. बापाच्या पाठीवरून ती दिवसभर एकच गोष्ट बघायची, ती म्हणजे आभाळ.

चालायला लागली तशी ती त्या काळ्या टेकाडावर जाऊन बसू लागली. वारा पडला की तिच्या गालाला आधी कळायचं. हवा दमट झाली की ती मानेवरून हात फिरवायची आणि बोटं चोळून बघायची. शाळेतल्या पुस्तकात त्याला आर्द्रता म्हणतात. धुरपतेला तो शब्द माहीत नव्हता, पण ती कधी वाढते आणि कधी घटते हे तिला ठाऊक होतं.

कळलेलं बापाला सांगायचं तर तोंडाला शब्द नाहीत. म्हणून तिने हातांचे शब्द केले. दोन्ही पंजे डोक्यावर फाकवून धरले की ऊन. थेंब पडावेत तशी बोटं खाली आणली की पाऊस, आणि मुठी खाली आपटल्या की गारा. डोळ्यांपुढे आडवा पंजा म्हणजे धुकं. बोटांची टोकं हलकेच एकमेकांवर घासली की दव. हात वाकडातिकडा झटकन खाली आला की वीज. हात गरगर फिरवला की वावटळ. स्वतःलाच मिठी मारली की थंडी, आणि पदराने वारा घेतला की उकाडा. आधी हे हिरामणला कळू लागलं, मग भोयांच्या वाड्यांत सगळ्यांना, मग अख्ख्या गावाला. सकाळी नांगर घेऊन निघालेला माणूस वाट वाकडी करून नदीकडे बघायचा. टेकाडावरची पोर हात वर करायची, आणि माणूस त्याप्रमाणे शेताला जायचा किंवा मागे फिरायचा.

गावाचे पाटील नथू पाटील. भारदस्त माणूस, पण दुसऱ्याचं ऐकायची सवय कमी. एकदा त्यांच्या खळ्यावर ज्वारीची उपणणी चालली होती. दाणे आणि भूस वेगळं करायला वारा लागतो. पाटलांनी नदीवर येऊन विचारलं, की वारा कुठला येणार. धुरपतेने पश्चिमेकडे हात केला. पाटलांना वाटलं, वारा पश्चिमेला जाणार. त्यांनी त्या बेताने उपणायला उभं राहायची तिवई मांडली, आणि वारा सुटला तसं सगळं भूस त्यांच्याच ओसरीत जाऊन पडलं. पाटलीणबाईंनी ते दोन दिवस झाडलं, असं म्हणतात. तेव्हापासून धावडखेड्यात लहान पोरालाही माहीत आहे, की वारा जिथून येतो तिथलं त्याचं नाव असतं. पश्चिमेकडून आला तो पश्चिमेचा वारा, मग तो जाईना का कुठेही.

आणखी एक गोष्ट सांगतात. बैलांवर मीठ लादून एक लमाण व्यापारी नदीकाठी उतरला होता. त्याच्या मनात इथेच राहायचं होतं. त्याने विचारलं, की तुमच्या गावची हवा कशी असते. धुरपतेने उन्हाची खूण केली. तो म्हणाला, ते आजचं झालं, मला नेहमीचं सांगा. हिरामणने ते तिला खुणांनी समजावलं. मग ती बराच वेळ बसून राहिली. नंतर तिने सावकाश थेंबांसारखी बोटं खाली आणली, मग स्वतःला मिठी मारली, मग पंजे डोक्यावर फाकवले, आणि शेवटी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. हिरामण व्यापाऱ्याला म्हणाला, "आज उद्या बदलते ती हवा. हे ती दाखवते ना, सालोसाल इथे असंच चालत आलंय, ते आमचं हवामान." व्यापारी तिथेच राहिला. त्याचे वंशज आजही गावात आहेत.

अशी वर्षं गेली. धुरपता मोठी झाली. तिच्या हातांवर गावाची पेरणी होऊ लागली, वाळवणं पडू लागली, लग्नाचे मांडव उभे राहू लागले. आणि मग ती आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी गातात. धावडखेड्याची रीत अशी, की त्या दिवशी सगळं गाव नदीच्या वाळूत उतरायचं. टरबुजं कापली जायची, मांडव घातले जायचे. अल्याडच्या आणि पल्याडच्या गावच्या लेकी आपापल्या काठाजवळच्या वाळूत उभ्या राहून गाण्यातून एकमेकींना चिडवायच्या. त्या वर्षीही तसंच झालं. आभाळ निरभ्र होतं, ढगाचा ठिपका नव्हता. नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं, एक बारकी धार तेवढी मधून वाहत होती. टिपऱ्या, ढोल, गाणी आणि हसणं यांनी पात्र नुसतं दणाणत होतं.

धुरपता टेकाडावर होती. तिला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पण तिच्या अनवाणी पावलांना दगडातून काहीतरी जाणवलं. खूप खोलवरून, दूर उत्तरेकडून, थरथर येत होती. ढोलाची थरथर तिला माहीत होती. ही वेगळी होती. सातपुड्याच्या पार आतल्या डोंगरांत, तिथून दिसतही नाही इतक्या दूर, आभाळ गडगडत होतं, आणि तो गडगडाट कोणाच्याही कानाला पोचायच्या आधी दगडातून धुरपतेच्या तळपायांना पोचला, असं म्हणतात.

ती उठली. तिने गाल फिरवून बघितला. पश्चिमेचा वारा पडला होता. त्या भर उन्हात उत्तरेकडून, नदीच्या वरच्या अंगाने, एक गार झुळूक आली. ओल्या मातीचा वास तिला आला. डोंगराच्या माथ्यावर, क्षितिजाला चिकटून, काजळाचं बोट ओढावं तशी एक रेघ होती. तिला कळलं, की तिकडे डोंगरात अवकाळी पाऊस कोसळतोय आणि तो नदीतून इकडे येतोय.

तिने हात वर केले आणि पावसाची खूण केली.

वाळूतल्या लोकांनी वर बघितलं. स्वच्छ ऊन होतं. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, की सणाच्या दिवशी धुरपताही थट्टा करतेय. तिने पुन्हा खूण केली, लोक पुन्हा गाण्याकडे वळले. तिला आता उमगलं, की हा शब्द पुरत नाही. पाऊस इथे नव्हताच. इथे यायचं होतं ते वेगळंच होतं, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या पुरासाठी तिच्याजवळ खूण नव्हती. कधी लागलीच नव्हती.

तेव्हा तिने ती तिथेच केली. दोन्ही हात उत्तरेकडे लांब केले, तळवे उभे धरले, आणि भिंत लोटत आणावी तसे ते समोरून पार दक्षिणेपर्यंत नेले. मग दोन्ही हात झपकन वर. पुन्हा उत्तरेकडून. पुन्हा वर. मधूनमधून ती दगडावर पाय आपटत होती.

हिरामण पाटलांच्या मांडवात टरबुजं कापत होता. त्याने ती खूण कधी बघितली नव्हती. पण त्याने लेकीची पावलं बघितली आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"पाटील," तो म्हणाला, "पाणी येतंय. सगळ्यांना वर काढा."

नथू पाटलांनी आभाळाकडे बघितलं. नदीची ती बारकी धार बघितली. म्हणाले, "हिरामण, सणाला लेकी आल्यात. अशा दिवशी गाव उठवायचं, आणि कशाच्या जोरावर?"

"माझ्या लेकीच्या. तिचा हात आजवर चुकला असेल तर दाखवा, मी गप्प बसतो. चुकला नसेल तर उठा."

सगळा मांडव पाटलांकडे बघत होता. त्यांना बहुधा ओसरीतलं भूस आठवलं असावं. मग त्यांनी हातातली फोड ताटात ठेवली आणि ते उठून उभे राहिले. पाटील उठले म्हटल्यावर मांडव उठला. मांडव उठला म्हणून ढोल थांबला. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन, पोरांना कडेवर घेऊन, माणसं काठ चढू लागली.

अल्याडचं गाव निघालं, पण पल्याडच्या लेकी अजून गातच होत्या. पात्र रुंद, आणि त्यांच्या गाण्याच्या गलक्यात हाकेतले शब्द कळणं शक्य नव्हतं. पळत जाऊन सांगायला वेळ उरला नव्हता. अल्याडहून उत्तर का येत नाही म्हणून त्या वळून बघू लागल्या, तर त्यांना टेकाडावर एकटी बाई दिसली. ती तेच करत होती. उत्तरेकडून लोटायचं, आणि वर. उत्तरेकडून लोटायचं, आणि वर. त्या वेळी तिचे हात ताडाएवढे लांब झाले होते, असं म्हणतात. पल्याडच्या गावात आजही म्हाताऱ्या शपथेवर सांगतात, की आमच्या आजीच्या आजीला त्या हातांची बोटंसुद्धा मोजता येत होती. खूण त्यांना अनोळखी होती, पण समजली. लेकींनी साड्या खोचल्या आणि त्या काठाकडे धावल्या.

मग पाणी आलं. आधी आवाज आला, मग वळणावरून गढूळ, लाल, उभी भिंत आली. तिच्यात मोडलेली झाडं होती. वेली, मांडव, ढोल, ताटं सगळं एका दमात उचललं गेलं आणि पिकलेली टरबुजं पाण्यावर डोकी वर काढत वाहत गेली. वर निरभ्र आभाळ होतं, पावसाचा एक थेंबही पडत नव्हता.

टेकाडाला पाण्याने वेढलं. धुरपतेला निघता आलं असतं, पण शेवटची लेक काठावर चढेपर्यंत तिने हात खाली घेतले नव्हते. पाणी तिच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. काठावरून सगळं गाव बघत होतं. पाणी तिच्या छातीपर्यंत चढलं आणि तिचे वर उचललेले तळवे बघून तिथेच थांबलं, असं म्हणतात. मग ते उतरू लागलं.

उन्हं कलली तेव्हा हिरामण नाव घेऊन टेकाडापर्यंत गेला. धुरपता उभीच होती. तिचे हात खाली येईनात, खांदे आखडले होते. बापाने एकेक हात धरून, चोळून, सावकाश खाली आणला. दोघं काठावर आले. गावातलं एकही माणूस गेलं नव्हतं, पल्याडचंही नाही.

नथू पाटील पुढे झाले. त्यांनी आभार मानले नाहीत, कारण ते तिला ऐकू आले नसते. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी ती नवी खूण करून बघितली. चुकली. धुरपतेने त्यांचं कोपर धरून सरळ केलं. पाटलांनी पुन्हा केली. मग त्यांच्यामागे पाटलीणबाईंनी केली, लेकींनी केली, सगळ्या गावाने केली. तिचं तोंड तेव्हा असं उजळलं, की हिरामणला बघवेना, तो नावेकडे वळून उगाच दोर आवळत राहिला.

त्यानंतर धुरपता पुष्कळ वर्षं जगली. वाळकीच्या काठावरची वरची आणि खालची गावं आपली माणसं तिच्याकडे शिकायला पाठवू लागली. सातपुड्याच्या पायथ्यापासून खालच्या गावांपर्यंत टेकाडाटेकाडावर एकेक जण उभा राहू लागला, आणि पाण्याची बातमी पाण्याच्या आधी पोचू लागली. पुढे पौषातल्या एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. धुरपता टेकाडावर चढली, तिने डोळ्यांपुढे पंजा आडवा धरला, आणि धुकं विरलं तेव्हा टेकाडावर कोणी नव्हतं, असं म्हणतात.

आता नदीवर पूल आहे. मोबाइलवर हवेचा अंदाज येतो. तरी धावडखेड्याच्या शाळेत प्रार्थना झाली की एक मूल पायरीवर उभं राहतं आणि आजची हवा हातांनी सांगतं. बाकीची मुलं मोठ्याने ती वाचतात: आज ढगाळ, वारा नैर्ऋत्येचा, उकाडा. मुलं एकमेकांना थंडीच्या, गारांच्या, वावटळीच्या खुणा करून खेळतात, पण पुराची खूण कितीही व्रात्य पोर असलं तरी खेळात करत नाही.

ती वर्षातून एकदाच होते. आखाजीला सगळं गाव अजून वाळूत उतरतं. सासरी गेलेल्या लेकी येतात, टरबुजं कापली जातात, पल्याडहून गाणी ऐकू येतात. भर दुपारी गावातली एक मुलगी धुरपतेच्या दगडावर चढते आणि उत्तरेकडून हात लोटत आणून वर करते. वर आभाळ निरभ्र असतं. कोणी वर बघत नाही, कोणी काही विचारत नाही. हातातली फोड ताटात ठेवून आधी पाटलाच्या घरचा माणूस उठतो, आणि त्याच्यामागे दोन्ही काठांची गावं चढू लागतात.