पावलीची पायधूळ

एका राज्यात घाईला फार मान होता, कारण खुद्द राजालाच घाई होती. वेगसेन त्याचं नाव. पानात वरण पडेपर्यंत याचा भात संपलेला असे. घोडा पाणी प्यायला थांबला तरी याच्या कपाळाला आठ्या. वाईट नव्हता हो तो. न्याय चोख करी, दान सढळ हाताने देई. पण थांबणं म्हणून त्याला ठाऊक नव्हतं.

त्याची राणी हैमवती. तिच्याविषयी मी जरा जास्तच बोलेन, तेवढं खपवून घ्या. राण्या पुष्कळ होऊन गेल्या, कुणी रूपाच्या, कुणी रुसव्याच्या. पण हिच्याइतकी चिवट बाई मला दुसऱ्या कुठल्या कथेत भेटलेली नाही.

एके सकाळी राजाचा रथ डोंगराखालच्या वाटेने सुसाट निघाला होता. समोरून डोंगरमाय येत होती. डोंगरमाय म्हणजे त्या डोंगराची जादूगारीण, झाडांशी बोलणारी, दगडांना नावाने हाक मारणारी. तिच्या हातात परडी होती आणि परडीत कासवाची तीन पिल्लं, लिंबाएवढी, पाठीवर चांदण्या कोरलेली. तिने हात वर करून रथ थांबवायला सांगितलं. राजाने ऐकलं, पण थांबला नाही. परडीला चाकाचा धक्का लागला, पिल्लं धुळीत सांडली आणि सगळ्यात धाकट्या पिल्लाचा मागचा पाय चाकाखाली आला.

डोंगरमाय ओरडली नाही. रथाच्या मागे बघत एवढंच म्हणाली, "तुला थांबता येत नाही ना? मग आता थांब."

राजा घरी आला, सिंहासनावर बसला, आणि उठायला गेला तर पाय उचलेनात. पावलं दगडाची झाली होती. तेवढ्यात डोंगरमाय परडी घेऊन दरबारात हजर झाली. मधले पहारे तिला लागले नाहीत. परडी तिने राणीच्या हातात दिली.

"बये, तुझ्या घराने मोडलं, तुझ्याच घराने जोडायचं. या तिघांना जगव, वाढव, चालव. ही तिघं आपल्या पायांनी महाद्वारातून सिंहासनापर्यंत येतील, आणि त्यांतल्या कुणाचीही पायधूळ राजाच्या कपाळी लागेल, तेव्हा शाप उतरेल. तोवर दगड चढत राहील. डोक्यावरून गेला की राजा गेला."

एवढं सांगून ती धुरासारखी विरून गेली. त्या राज्यात जादूगारिणी अशाच जात.

आता पहिलं काम जगवायचं. कासव म्हटलं की तिथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर पाणीच यायचं. देवळातल्या कासवालासुद्धा लोक रोज तांब्याभर पाणी घालत. राणीने चांदीचं मोठं घंगाळ काठोकाठ भरवलं, कमळाची पानं सोडली आणि मोठ्या प्रेमाने तिन्ही पिल्लं आत सोडली. ती सरळ तळाला गेली. पाय झाडू लागली, तोंडातून बुडबुडे आले. राणीने भरजरी बाह्यांसकट दोन्ही हात आत घातले आणि तिघांना बाहेर ओढलं.

खिडकीत भारद्वाज बसला होता. या पक्ष्याचं दर्शन शुभ मानतात आणि ते त्याला चांगलंच ठाऊक असल्यामुळे तो जरा ऐटीतच असे. तो म्हणाला, "राणी, ही डोंगरातली कासवं. यांना पाणी प्यायला हवं, बुडायला नको."

राणीने त्यालाच गुरू केला. चुकलं ते चुकलं, रडत बसायला तिला वेळ नव्हता. तिने आपल्या महालाचा गालिचा गुंडाळून ठेवला आणि तिथे कोरडी माती, वाळका पाला पसरला. एका कडेला कोवळं ऊन, दुसऱ्या कडेला सावली, म्हणजे ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. पाण्यासाठी एक पसरट ताटली, त्यात पाणी हनुवटीपर्यंत, वर थेंब नाही. रोज सकाळी ती तिघांना त्यात बसवी आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत शेजारी मांडी घालून बसे. पिल्लं जगली. एकाला खायची हाव, तो खादू. दुसरी सदा पाल्याखाली झोपलेली, ती निजू. आणि दुखऱ्या पायाच्या धाकटीला दासी लंगडी म्हणू लागल्या, तेव्हा राणीने त्यांना गप्प केलं आणि तिचं नाव ठेवलं पावली.

दुसरं काम वाढवायचं. मुदपाकखान्यातून रोज नैवेद्यासारखा दूधभात येई, वर साजूक तूप. खादू तुटून पडे. पण पिल्लांच्या पाठी कडक होण्याऐवजी मऊ पडू लागल्या. राणीने बोट लावलं तर पाठ दबली. भारद्वाजाने पुन्हा शिकवलं. दूधभात माणसांना. यांना तांदुळजा, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, काटे काढलेला निवडुंग. आणि पाठ भरायला समुद्रफेस.

समुद्रफेस म्हणजे समुद्रातल्या एका जिवाचं पांढरं, हलकं हाड. ते कासवांनी कुरतडलं की कवच घट्ट होतं. त्या राज्यात ते फक्त खाऱ्या यक्षाच्या शापित खजिन्यात मिळे. तिथल्या मोत्यांना जो हात लावी तो मिठाचा होई. भारद्वाजाने राणीला पाठीवर घेतलं आणि उडाला. पक्षी लहान, राणी मोठी, पण याचं तिथे कुणाला नवल वाटत नसे.

गुहेत मिठाचे राजपुत्र रांगेने उभे होते. यक्ष म्हणाला, "काय नेणार?"

"समुद्रफेस."

"मोती?"

"कासवं मोती खात नाहीत," राणी म्हणाली.

यक्षाला हे नवीन होतं. युगं लोटली, त्याच्याकडे कुणी कचरा मागितला नव्हता. त्याने तिचा पदर भरून दिला, आणि पोरं कशी आहेत ते कळवत जा, असंही वर सांगितलं.

पाठी घट्ट झाल्या. चांदण्या ठळक उमटल्या, रात्री त्यांचा मंद उजेड महालात पडू लागला. इकडे दगड राजाच्या कमरेशी आला.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. पावलीचा पाय. राणी तो कोमट हळदीच्या पाण्याने धुई, फुंकर घालून कोरडा करी. जखमेत माती जाऊ नये म्हणून तिला मातीवर ठेवलं नाही, स्वच्छ मऊ फडक्यावर वेगळं ठेवलं. खादू तिच्या अंगावरून खुशाल चालत जाई, तेही कारण होतंच. माशी बसू नये म्हणून राणी स्वतः पंखा घेऊन बसे. दासी असताना तुम्ही कशाला, असं कुणी म्हटलं तर ती म्हणे, दासीला डुलकी लागेल. जखम भरली. पण पाय वाकडाच राहिला. पावली तीन पाय टाकी आणि चौथा ओढी.

तेव्हा दरबारात एक मांत्रिक आला. तो म्हणाला, हा पाय कापून सोन्याचा लावतो, उद्या पळू लागेल. दगड तोवर राजाच्या छातीला टेकला होता. प्रधान हात जोडून राणीला विनवू लागले. राणी नको म्हणाली. पाय सोन्याचा झाला तर तो तिचा कसा, असं तिने विचारलं.

राजाचा तोल गेला. "मी इथे दगड होतोय, आणि तुला त्या किड्याची पडली आहे."

राणीचे डोळे भरून आले. "मला तुम्हीच हवे आहात, महाराज. पण तिचा एकदा मोडलेला पाय मी पुन्हा मोडणार नाही. ती तशीच चालेल. मी शिकवीन."

मांत्रिक निघून गेला. दुसऱ्या दिवशी राणीने पावलीला सिंहासनापाशीच आणलं, आणि राजाला सांगितलं की तुमचे हात अजून मोकळे आहेत, तर मदत करा. जास्वंदीचं फूल तिच्यापुढे हातभर टाकायचं आणि वाट बघायची. राजाने तोंड वाकडं करून फूल टाकलं. पावलीने मान बाहेर काढली, वास घेतला, निघाली. पडली, उठली, वाकडा पाय टेकू कसा करायचा ते तिचं तिने शोधलं. फुलाशी पोहोचून तिने पहिला घास घेतला तेव्हा राजाच्या तोंडून नकळत शाबास निघून गेलं. कधी कुणाला शाबासकी द्यायला हा थांबला नव्हता. मग तो रोज सकाळी फुलांची वाट पाहू लागला, आणि हात दगडाचे झाले तरी पावली कुठवर आली ते डोळ्यांनी बघत राही. काय सांगू, मला या राजाचंही कौतुक वाटू लागलं होतं.

दगड गळ्याशी आला त्या दिवशी राणीने तिघांना महाद्वारात नेऊन ठेवलं. सारं नगर लोटलं होतं. पाहुणे थोर, म्हणून महाद्वारापासून पायरीपर्यंत सडा घातला होता, धूळ जराही उडू नये म्हणून. उंबऱ्यावर सुवासिनी कोमट पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. दारी आलेल्याचे पाय धुतल्याशिवाय आत घ्यायचं नाही, ही त्या घराची रीत.

खादू तरातरा आला. त्याचे चारी पाय धुतले, पुसले. निजू आली, तिचेही धुतले. दोघं सिंहासनापाशी पोहोचली. राणीने खादूच्या पायाखाली बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बोट लख्ख होतं. निजूचंही तेच.

पायधूळ हवी होती, आणि साऱ्या राजवाड्याने मान द्यायच्या नादात ती धुऊन टाकली होती. आता उरली पावली. आणि पावली अजून अंगणाच्या अर्ध्यातही नव्हती. दगड राजाच्या हनुवटीला लागला. प्रधान तिला उचलून आणायला धावले.

"थांबा," राजा म्हणाला. आवाज जेमतेम फुटत होता. "तिला येऊ द्या. मला घाई नाही."

राजाचे ओठ मिटले ते मिटलेच, दगडाचे झाले.

पावली येत होती. तीन पाय टाकायचे, चौथा ओढायचा, दमली की थांबायचं. कुणी हाक मारली नाही, कुणी ढकललं नाही. ऊन वर आलं. सडा वाळला. अंगणातली माती भुरभुरीत झाली आणि पावलीचा वाकडा पाय तिच्यातून रेघ ओढत आला. उंबऱ्याशी तिघांसाठी केलेल्या उतरणीवर सुवासिनी तांब्या घेऊन वाकली, तोच राणीने तिचा हात धरला.

पावली तशीच आत आली. टेकायचा पाय माती मागे टाकतो, ओढायचा पाय ती सोबत घेऊन येतो. शुभ्र फरशीवर सिंहासनापर्यंत मातकट रेघ उमटली. दगड राजाच्या नाकावरून भुवयांकडे चढत होता. राणीने त्या वाकड्या पायाखालची चिमूटभर धूळ उचलली आणि राजाच्या कपाळाला लावली.

दगड उतरला. आधी भुवया हलल्या, मग ओठ, मग खांदे, हात, पाय. राजा उठला नाही. तो सिंहासनावरून खाली सरकला, फरशीवर पालथा पडला आणि पावलीच्या वाकड्या पायाला त्याने कपाळ टेकवलं. त्याने एकच शब्द उच्चारला, "पावली." नाव घेतलं की नवस फेडला, ते कुणाला कळलं नाही. राणी मात्र पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

पोरांची खुशाली यक्षाला कळली, त्याने आनंदाने खजिन्याचा शाप मागे घेतला, आणि गुहेतले मिठाचे राजपुत्र त्याच घटकेला माणसं होऊन आपापल्या घरी गेले. डोंगरमाय आली, खादू-निजूला डोंगरावर घेऊन गेली. पावलीला खडकावर चढणं जमणार नव्हतं, म्हणून ती राणीपाशी राहिली. ती अंगणात फिरायला निघाली की दरबार थांबे, आणि राजा तिच्या मागून चाले, तिच्याच चालीने.

जशी पावली राजाला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो, सावकाश का होईना.