उंटाला घातलेली कणीक

"कणीक उंटाला घातलीत, बाबा? मग माणसांनी काय खायचं?"

सादुल्लाने विचारलं तेव्हा परात रिकामी झाली होती. आम्ही काफिल्यातले सगळे दिवसभराचे उपाशी, नुसते बघत राहिलो. सादुल्ला संतापला होता, आणि का संतापू नये? पाणी त्यानेच शेंदलं होतं, कणीक त्यानेच मळली होती.

"पाणी कुठलं?" आमच्या गुरूंनी, हमजाबाबांनी विचारलं.

"त्या समोरच्या विहिरीचं."

विहिरीमागे डोंगर होता. डोंगरात कोरलेली घरं, सगळ्यांची दारं सताड उघडी. फार पूर्वीच्या समूद लोकांची वस्ती ती. अल्लाहने यांच्याकडे धाडलेला पैगंबर सांगून सांगून थकला, यांनी ऐकलं नाही. एका पहाटे आभाळातून किंकाळी आली आणि सगळे जागच्या जागी गार झाले.

"आपल्या पैगंबरसाहेबांनी इथून जाताना हे पाणी कुणाला पिऊ दिलं नाही," बाबा म्हणाले. "मळलेली कणीक उंटांनाच घालायला लावली. म्हणाले, या घरांत शिरायचं तर रडत शिरा. रडू येत नसेल तर शिरू नका."

"मला नाही येत रडू."

बाबांनी रिकामी परात वाळूने घासायला घेतली.

"का यावं? माजले होते, मेले. बरं झालं! बारा वर्षं तुमच्या पायाशी काढली मी. एक नमाज चुकवली नाही, एक रोजा बुडवला नाही. त्यांचा माझा संबंध काय?"



मदिनेला पोचलं की बाबा आपली टोपी सादुल्लाच्या डोक्यावर ठेवणार, त्यांच्यामागे गादी त्याची, असं ठरलं होतं. ते काफिल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सादुल्लाला तर झोपेतसुद्धा ठाऊक असायचं.

"टोपीचं आजच उरकून टाका की," तो म्हणाला. "इथेच, यांच्या दारासमोर. नीट वागणाऱ्याला काय मिळतं, ते दिसू दे लोकांना."

आणि बाबांसमोर गुडघे टेकून त्याने डोकं पुढे केलं.

बाबांचा हात उठला. टोपीकडे गेला नाही. सादुल्लाच्या छातीवर टेकला आणि तिथेच राहिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दाढी भिजली, तरी थांबेना.

सादुल्ला घाबरला.

"रडताय कशाला, बाबा? आपण अजून आत कुठे गेलोय?"

"मी गेलोय, बेटा," बाबा म्हणाले. "हा काय, आत्ताच शिरलो."