पिवळा अर्धा

"पेटीत उरलेला दगड एवढा पांढराफटक कसा रे?"

हेडाऊ सरांनी हे विचारलं तेव्हा डॉक्टर निशिकांत कुकडे खुर्चीत रेलून चहा पीत होते. डॉक्टर म्हणजे दगडांचे, परदेशात शिकून आलेले. सर त्यांचे गुरुजी. आणि मी झनकलाल टेंभरे, ड्रिलनं डोंगरातून काढलेले दगडाचे गोल दांडके उभे चिरणारा. सत्तावीस वर्षं हेच करतोय, म्हणून मधे तोंड घालतो.

चिरलेल्या दांडक्याचा उजवा अर्धा प्रयोगशाळेत जातो, डावा पेटीत राहतो. नियमच आहे, दर वेळी उजवाच, मग तो कसाही दिसो.

कुकडे हसले. "सर, पॉर्फिरी जातीचा दगड आहे हा. तांबं कुठं जास्त, कुठं कमी."

"मला शिकवतोस?"

पॉर्फिरीचं तांबं काही खजिन्यासारखं एका जागी सापडत नाही. अख्ख्या डोंगराच्या बारीक बारीक भेगांत ते कालवणातल्या मिठासारखं पसरलेलं असतं. शंभर किलो दगडात अर्धा किलो निघालं तर डोंगर खोदायचा, पाव किलो निघालं तर सोडून द्यायचा. एवढ्याशा फरकावर पायथ्याचं पिपरटोला राहणार की उठणार, ते ठरायचं होतं. चाळीस घरं आहेत तिथं. सकाळीच सुकरोबाई उईके येऊन गेली होती, यंदा बांधीत धान लावू का नको, विचारायला. कुकड्यांनी तिला बसा म्हटलं नाही.

सरांनी एकामागून एक सात पेट्या उघडल्या. सगळ्या पांढऱ्या, तांब्याचा पिवळा कण नावालासुद्धा नाही.

"तू हातानं निवडलंस. जो अर्धा पिवळा दिसला, तोच पाठवलास."

"मग काय झालं, सर? दोन्ही अर्धे एकाच दगडाचे. मी बाहेरून तर काही टाकलं नाही ना!"

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "काहून साहेब? आम्ही इथं धूळ खाऊन सरळ रेघेत चिरायचं, आन् तुम्ही बाजारातले आंबे निवडल्यासारखे निवडायचे?"

"झनकलाल, तुम्ही तुमचं काम करा."

"ते तो करतच होता!" सर ओरडले. "तू केलं नाहीस!"

चिरायच्या आधी दगडावर रेघ मारायचा लाल खडू माझ्या टेबलावर पडला होता. सरांनी तो उचलला. कुकड्यांना खुर्चीतून उभं केलं आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत, दातओठ खात उभी रेघ ओढली. एक बटण तुटून पडलं.

"बोल. यातला कुठला अर्धा पाठवू सुकरोबाईकडे?"

...

कुकड्यांनी वाकून बटण उचललं. बोलले तेव्हा आवाज उतरला होता.

"अहवाल परवाच कंपनीकडे गेला, सर."

"परत माग."

"कारण काय सांगू?"

"खरं सांग. निवडलं म्हणून सांग."

"सर... चार वर्षं घातलीत मी या डोंगरात. हे कळलं तर कुणी मला दगडाला हात लावू देणार नाही."

"न देवो."

"मी पुरता मोडेन, सर!"

मला क्षणभर त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू? पण पिपरटोल्यात माझी पोरगी दिलेली आहे, आणि ती दया तिथंच आटली.

सरांनी टेबलावरचा फोन उचलला आणि कुकड्यांच्या हातात कोंबला.

"मग मोड की! अरे, आधी डोंगर तडकला, म्हणून तर तांबं आत शिरलं."