आवडाबायचा वाटा

फार वर्षांपूर्वी, किनाऱ्यावर दीपगृह नव्हतं आणि होड्या चुलीच्या उजेडावर घरी परतत, तेव्हाची ही हकिगत. पुळणवाडीत आवडा नावाची बाई राहायची. रापणीचा दोर ओढावा, वाट्याला येईल ती मासळी टोपलीत घालून गावोगाव विकावी, असं तिचं जगणं. घरात ती आणि तिची लेक केशर.

वाडीतल्या प्रत्येक होडीच्या नाकाडावर नाव रंगवलेलं होतं. वाचता कोणालाच येत नव्हतं. एकदा दामोदर मास्तर नावाचा वाटसरू किनाऱ्यानं चालला होता. त्यानं विचारलं, "तुमच्या सगळ्या होड्यांचं नाव सुंदराबाई कसं?" तेव्हा कळलं, की रंगाऱ्यानं एकूण एक होडीवर आपल्या बायकोचं नाव लिहून ठेवलंय. वाडी पोट धरून हसली. आवडा हसली नाही. केशरनं तिला विचारलं होतं, "आये, माका शिकवशीत वाचूक?" आणि शिकवणार कशी, हे तिला माहीत नव्हतं.

तिनं मास्तराला मुलांना शिकवायला ठेवून घेतलं. पण मास्तर जेवणार काय?

रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं. ते सगळी वाडी मिळून काठावर ओढते आणि मग वाळूत मासळीचे वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, एक देवाचा, बाकीचे दोर ओढणाऱ्यांचे. आवडा म्हणाली, "आणि एक शाळेचो."

"आमच्या टोपलेतली कमी करून?" लोक म्हणाले.

"होय. माझ्या टोपलेतली पयली."

कुरकुरत का होईना, वाटा पडू लागला. मास्तर राहिला, मुलं बसू लागली. पुढच्या वर्षी आवडा पुन्हा उभी राहिली. शाळेला छप्पर हवं, पाट्या हव्यात, वाटा दुप्पट करा. त्या दिवशी लोक फार बोलले. कोणी म्हणालं, "हिका आता आमची जाळीपण देवया." पण मुलं घरी येऊन बाराखडी म्हणत होती, आणि ती ऐकल्यावर नाही म्हणणं जड जात होतं. वाटा दुप्पट झाला.

आणि इथेच वाडीनं चूक केली. शाळेचा ढीग उघड्यावर असायचा, त्यातून जाता-येता हात पडायचा. म्हणून तो देवाच्या वाट्यातच मिसळायचं ठरलं. देवाच्या वाट्याला कोण हात लावणार? तो विकून आलेला पैसा रापणीचा म्होरक्या गणू तांडेल सांभाळायचा. आवडालाही ते पटलं.

मग पावसाळा आला. छपरावर माडाची नवी झावळं पडलीच नाहीत. मुलं गळणाऱ्या धारांतली कोरडी जागा शोधत सरकत सरकत बसायची. मास्तराच्या चुलीवर कधी पेज शिजायची, कधी नाही. श्रावणात त्यानं आपली पत्र्याची पेटी भरली. केशर पेटीवर जाऊन बसली आणि उठेना. मास्तर म्हणाला, "रापण लागेपर्यंत थांबतो, बाळ. त्यापुढे नाही."

नारळी पुनव झाली, पहिली रापण लागली. सगळी वाडी दोराला भिडली. आवडानंही दोर धरला आणि ओढायच्या आधी मोठ्यानं विचारलं, "गणूदादा, शाळेचो वाटो खंय गेलो?"

गणू म्हणाला, "देवाक हिशेब इचारतंस गो?"

"देवाक नाय, तुका इचारतंय. देवान खाल्ल्यान, तर काटे खंय आसत?"

कोणीतरी खुसकन हसलं. कोणीतरी म्हणालं, "म्हणान सांगत होतंय, वाटो देवचोच नाय." आवडा त्याच्याकडे वळली. "मी दितंय म्हणान इचारतंय. जो देणा नाय, तेणा गप रवाचा."

गणूनं ओढायची खूण केली. आणि असं म्हणतात, जाळं हललं नाही. बाप्ये ओढून थकले, बायका ओढून थकल्या, दोरानं तळवे सोलले. समुद्र तर तळ्यासारखा शांत. जाळं खडकात अडकलं म्हणावं, तर तिथे नुसती वाळू. ऊन डोक्यावर आलं तरी दोर वीतभरही आत येईना.

शेवटी गणू गुडघाभर पाण्यात गेला. त्यानं समुद्राकडे पाठ केली, वाडीकडे तोंड केलं. ओठ हलले, शब्द फुटेना. तेव्हा आवडा पाण्यात उतरली आणि तिनं त्याचा हात धरला.

"माझ्या चेडवाच्या लग्नाक घातलंय," गणू म्हणाला. "सगळो. देवाकपण दिवो लावूक नाय."

असं म्हणतात, तो शब्द पाण्यावर पडला आणि दोर लोण्यासारखा सुटला. जाळं आपसूक काठाला आलं, आणि एवढी मासळी आली की पुळणीची वाळू दुपारी चांदण्यासारखी दिसली.

लोक गणूवर धावून जाणार होते. आवडानं त्याचा हात सोडला नव्हता. तिनं हळूच त्याच्या लेकीचं विचारलं, "चेडू सुखात आसा मां?" गणू रडला. मग ती म्हणाली, "फाल्या झावळां घेवन ये." दुसऱ्या दिवशी शाळेच्या छपरावर गणू होता आणि खालून झावळं वर देत होता दामोदर मास्तर.

आवडाबाय जाऊन किती पिढ्या झाल्या, कोणी सांगू शकत नाही. आता होड्यांना इंजिनं आहेत, शाळा पक्क्या भिंतींची आहे. तरी हंगामाच्या पहिल्या रापणीला सगळ्यांत आधी आवडाबायचा वाटा पडतो, देवाच्याही आधी, आणि वेगळा. मग म्होरक्या गुडघाभर पाण्यात वाडीकडे तोंड करून उभा राहतो. पहिलीतलं सगळ्यांत लहान मूल विचारतं, गेल्या वर्षीचा वाटा कुठे गेला? तो सांगतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. अडखळला तर कोणी हसत नाही. कोणीतरी पाण्यात उतरून त्याचा हात धरतं. वर घारी घिरट्या घालतात, मासळी वाळूत चमकत पडलेली असते, आणि त्याचं सांगून संपेपर्यंत पुळणवाडीत एकही टोपली उचलली जात नाही.