‘लिहिलं’ म्हणणारं मशीन

“आता तरी मशीन पळतंय म्हणाल की नाही, बाई?”

सौमित्रनं विचारलं. टिपणीसबाई चष्मा पुसत राहिल्या.

डोंगरावरच्या त्या भूकंपमापन केंद्राची सगळी मदार एका जुनाट मशीनवर, युनिक्सवर चालणाऱ्या संगणकावर, होती. जमिनीखालच्या उपकरणाची भाषा त्या एकट्यालाच कळायची. सोमवारी तपासणी समिती येणार होती. मशीन असंच रखडत राहिलं, तर ते भंगारात आणि केंद्राला कुलूप. ते वाचवायचंच, असा विडा बाईंच्या हाताखाली शिकणाऱ्या सौमित्रनं उचलला होता. आणि पठ्ठ्यानं मशीन पळवलंही. छाती अशी फुगली होती, की शर्टाची बटणं कशी टिकली देव जाणे.

“केलंस काय?”

“डिस्क म्हातारी, हळू लिहिते. म्हणून नोंदी आधी मेमरीत साठवतो. मग सवडीनं डिस्कवर जातात.”

“तोवर मशीन काय सांगतं?”

“‘लिहिलं’ म्हणून सांगतं.”

“हं…”

बाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि मशीनचा प्लग त्यांनी मुठीत धरला.

“बाई, नको!”

“का रे?”

“शेवटच्या नोंदी अजून मेमरीतच असतील. जातील त्या.”

“बरं. मोठा धक्का बसला, की इथं सगळ्यात आधी काय जातं?”

सौमित्रची नजर कोपऱ्यात गेली. बॅकअपची बॅटरी केव्हाच मेली होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

“…वीज.”

बाईंनी प्लग सोडला आणि त्या चहा टाकायला गेल्या.

सौमित्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या क्षणाची वाट बघत हे केंद्र उभं होतं, नेमका तोच क्षण हरवायची चोख व्यवस्था त्यानं केली होती. पण पोरगं हट्टाचं. जेवणखाण विसरून पुन्हा मशीनला भिडलं.

भूकंपाची प्रत्येक नोंद आधी डिस्कवर, मगच ‘लिहिलं’, असं त्यानं मशीनला बजावलं. मेमरी अपुरी पडली की मशीन त्याच डिस्कवर आपला पसारा मांडायचं. तो त्यानं दुसऱ्या डिस्कवर हलवला. नोंदींच्या डिस्कची धावपळ थांबली. पहिल्याइतका वेग काही परत आला नाही, पण रखडणं संपलं.

मग त्यानं बाईंना बोलावलं. एकदा त्यांच्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि स्वतःच प्लग ओढला.

अंधारला पडदा…

पुन्हा सुरू झालेल्या मशीननं बराच वेळ स्वतःला चाचपलं. शेवटची नोंद जागच्या जागी होती.

सौमित्रच्या जिवात जीव आला. तरी एक काळजी उरलीच.

“बाई, वेग आकड्यांत दाखवता येतो. हे समितीला कसं दाखवू?”

“त्यांच्यासमोर ओढ… आणि ओढताना माझ्याकडे बघू नकोस.”