टिकलू शिंगरू आणि आटलेली विहीर

एक होतं शिंगरू. एवढुस्सं! कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकलू.

टिकलू आणि त्याची आई शिदूमामाकडे राहायची. मामाचे आणखी दोन घोडे होते.

दोन वर्षं पाऊसच नाही. ओढा सुकला. माळ करपला. मामा लांबून एक घागर पाणी आणायचा. घोटभर आपण प्यायचा, बाकीचं घोड्यांना पाजायचा. पण घोडे किती, घागर केवढी! कशी पुरणार?

एका सकाळी टिकलू आईला लुचायला गेलं. चुटुक चुटुक... अरेच्चा! दूधच नाही!

"आई आई, दूध दे."

आईने टिकलूला चाटलं. "कुठून देऊ बाळा? हिरवं गवत खाईन, तर दूध देईन."

टिकलू निघालं. टबडक टबडक टबडक. बांधावर गवत होतं. पिवळं पिवळं, वाळकं वाळकं.

"गवता गवता,
आई दूध देईना,
माझी भूक जाईना!
हिरवं होतंस का?"

"नाही होत, जा! विहीर पाणी देईल, तर हिरवं होईन."

टिकलू निघालं. टबडक टबडक टबडक. विहिरीत वाकून बघितलं. आत नुसता चिखल!

"विहिरी विहिरी,
गवत हिरवं होईना,
आई दूध देईना,
माझी भूक जाईना!
पाणी देतेस का?"

"नाही देत, जा! माझ्या पोटात गाळच गाळ. झरा खाली गुदमरलाय. मामा गाळ काढेल, तर पाणी देईन."

टिकलू निघालं. टबडक टबडक टबडक. मामा दारात बसला होता. समोर कुदळ.

"मामा मामा,
विहीर पाणी देईना,
गवत हिरवं होईना,
आई दूध देईना,
माझी भूक जाईना!
गाळ काढतोस का?"

"नाही काढत, जा! कुदळ झालीय बोथट. मारली की उडते टुणकन! लोहारदादा धार लावेल, तर गाळ काढीन."

मामाने कुदळ टिकलूच्या पाठीवर बांधली. टिकलू निघालं. टबडक टबडक टबडक. लोहारदादा भट्टीपाशी बसला होता.

"दादा दादा,
मामा गाळ काढेना,
विहीर पाणी देईना,
गवत हिरवं होईना,
आई दूध देईना,
माझी भूक जाईना!
धार लावतोस का?"

"नाही लावत, जा! भट्टी गार पडलीय. तुझी वहिनी भाता ओढेल, तर धार लावीन."

टिकलू निघालं. टबडक टबडक टबडक. वहिनी झाडाखाली झोळी हलवत होती. झोळीत बाळ.

"वहिनी वहिनी,
दादा धार लावेना,
मामा गाळ काढेना,
विहीर पाणी देईना,
गवत हिरवं होईना,
आई दूध देईना,
माझी भूक जाईना!
भाता ओढतेस का?"

"नाही ओढत, जा! हात कुठे मोकळे आहेत माझे? बाळ रडायचं थांबेल, तर भाता ओढीन."

टिकलूने झोळीत बघितलं.

"बाळा बाळा,
वहिनी भाता ओढेना,
दादा धार लावेना,
मामा गाळ काढेना,
विहीर पाणी देईना,
गवत हिरवं होईना,
आई दूध देईना,
माझी भूक जाईना!
रडायचं थांबतंस का?"

बाळ म्हणालं, "ट्यांहा! ट्यांहा!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

टिकलूने उडी मारली. टुणुक! बाळ रडलंच.

टिकलूने शेपूट उडवलं. फटाक फटाक! बाळ जास्तच रडलं.

टिकलू दमलं. त्याने झोळीला हळूच नाक लावलं. नाकात गेली धूळ, आणि...

फुर्रर्र... फुस्स!

कान हलले फडफड, ओठ हलले बडबड. बाळ टकामका बघायला लागलं. एक उचकी दिली. आणि हसलं! खुदुखुदु, खुदुखुदु!

मग काय!

बाळ रडायचं थांबलं. वहिनीने भाता ओढला, भस्स भस्स. दादाने धार लावली, ठण ठण. टिकलूने कुदळ मामाला नेऊन दिली. मामा विहिरीत उतरला. खण खण, खण खण!

एक पाटी गाळ. दोन पाट्या गाळ. खूप पाट्या गाळ! मामा घामाघूम झाला. पाणी काही येईना.

"थांब मामा, आम्ही आलो!" दादा आला. वहिनी आली, पाठीवर बाळ घेऊन आली. तिघांनी मिळून गाळ काढला.

तेवढ्यात खालून आवाज आला. बुडुक! बुडबुड बुडबुड! झुळुझुळू झुळुझुळू!

"पाणी!" मामा ओरडला. "अरे, पाणी लागलं!"

विहिरीने पाणी दिलं. घोडे पाणी प्याले, घट घट घट. उरलेलं पाणी गवताला गेलं. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. गवत झालं हिरवंगार! घोड्यांनी गवत खाल्लं, करम करम करम.

आणि आईने दूध दिलं.

टिकलू प्यालं, चुटुक चुटुक. आणखी प्यालं, चुटुक चुटुक. पोट झालं टम्म! डोळे मिटले, मान कलली.

टिकलू निजलं, म्हणून गोष्टही निजली.