न बोललेली बेचाळीस मिनिटं

"रोज चार वाजता बेचाळीस मिनिटं फोन, आणि कुणी एक शब्द बोलत नाही. हा धंदा कसला, बाबा?"

लालशा फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसला होता. कानाला फोन. त्याने फक्त ओठांवर बोट ठेवलं.

शलाका ढमढेरे गप्प बसणारी नव्हती. मोबाइलच्या टॉवरवर कॉल किती येतात, किती वेळ चालतात, याचं संभाव्यतेचं गणित ती फोन कंपनीसाठी मांडायची. लहान कॉल पुष्कळ, लांब कॉल विरळ. उतारासारखी खाली येणारी रेघ. सगळा तालुका त्या रेघेवर मुकाट बसला. या डोंगरावरचा एक कॉल मात्र त्या उतारावर दगडासारखा वर आलेला. रोज, त्याच वेळी.

टॉवरला शब्द कळत नाहीत, पण कुणी बोलतंय की नाही एवढं कळतं. म्हणून तिने अहवालात नियम सुचवला होता : दोन मिनिटं कुणीच बोललं नाही, तर कॉल आपोआप तोडावा. उद्या त्यावर सही व्हायची होती. त्याआधी हा चोर स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती डोंगर चढून आली होती.

"या टॉवरवर एका वेळी मोजकेच कॉल मावतात. तुम्ही लाइन अडवता आणि खाली गावात लोकांचे फोन लागत नाहीत. कुणासाठी अडवता?"

"यासीनसाठी." फकिराने फोनवर तळवा दाबला. "आम्ही दोघं एका गुरूचे. त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्याची सून फोन त्याच्या कानाशी धरते."

"मग तुम्ही तरी बोला!"

"मी बोललो की तो उत्तर द्यायला जातो... आणि गुदमरतो."

बरी रचलीय गोष्ट, शलाकाला वाटलं. या म्हाताऱ्यांकडे प्रत्येक लबाडीला एक आजारी माणूस तयारच असतो.

"खोटं वाटतं?"

"वाटतं."

"मग तूच तोड."

फोन तिच्या हातात देऊन त्याने घागर उचलली आणि तो पाण्याच्या टाक्याकडे निघून गेला.

तिचा अंगठा लाल बटणावर गेला. तोडण्याआधी ऐकावं, पुरावा म्हणून... तिने फोन कानाला लावला.

शिट्टीसारखा श्वास. नळीतून यावा तसा.

यंत्र असणार. यंत्र असेल तर ठेका चुकणार नाही. ती मोजू लागली. सहा श्वास एकसारखे आले. सातवा अडखळला.

आठवा...

आठवा येईना. शलाकाने स्वतःचा श्वास रोखला.

...आला.

फकीर परतला. पाखरांच्या कुंडीत पाणी ओतलं, पायऱ्या झाडल्या, झाडू कोपऱ्यात ठेवला. ती होती तिथेच उभी होती. फोन कानाला, डोळे मिटलेले.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"झोपले," ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

फकिराने फोन घेतला. लाल बटण दाबलं.

"एकोणीस मिनिटं फोन तुझ्याकडे होता. काय बोललीस त्याच्याशी?"

"काही नाही..."

"उतर आता, पोरी. ऊन कलतंय. आणि खाली गावाला सांग, एवढा वेळ लाइन कुणी अडवली होती."